मणक्यात गॅप

सोयाबीनची पानं गळून गेली आणि रानात नुसत्या शेंगांची झाडं उभी राहिली. ऊन तापलं की शेंगा तडतडायच्या. आणखी थोडी उन्हं बसली असती तर दाणे जागच्या जागी उडून मातीत गेले असते. नवरात्र तोंडावर आलं होतं. उंब्रजच्या वरच्या अंगाला, तारळी नदीकाठच्या त्या गावात ज्याच्या त्याच्या रानात विळे चालले होते.

राहीबाईच्या रानात तीनच विळे होते. एक तिचा, एक सुनेचा, संयोगिताचा, आणि एक लेकीचा, स्वप्नालीचा. चौथं माणूस बांधावरच्या आंब्याखाली बाजेवर बसून होतं. तो राहीबाईचा लेक, उदयसिंह. दंड भरलेले, मान जाड, आणि कमरेला करड्या रंगाचा पट्टा आवळलेला.

"आये, एक पात धरतो मी," तो म्हणाला.

राहीबाईनं मान वर न करता सांगितलं, "गप बस. वाटंनं मानसं जात्यात. मनक्यात गॅप असल्याला मानूस वाकतो व्हय?"

वाटेनं खरंच माणसं जात होती. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक बाई थांबली, बाजेवरच्या गड्याकडं बघितलं, वाकलेल्या राहीबाईकडं बघितलं, आणि "काय बाई येळ आली," असं म्हणून पुढं गेली. उदयसिंहानं तोंड फिरवलं. पट्ट्याखाली घामानं पाणी पाणी झालं होतं.

त्याच्या मणक्याला काहीच झालेलं नव्हतं.

आषाढात त्याची झोप गेली. आधी झोप, मग भूक, मग बोलणं. म्हैस हंबरत राहायची आणि तो धार काढायची कासंडी हातात घेऊन गोठ्यात नुसता उभा असायचा. ट्रॅक्टर सुरू करायचा, स्टेअरिंगवर डोकं टेकायचा आणि रडायचा. कशानं रडू येतंय ते त्याचं त्याला सांगता येत नव्हतं. राहीबाईनं लिंबू उतरवून टाकलं, अंगारे आणले, कोंबडं सोडलं. एका संध्याकाळी तो विहिरीच्या काठावर कितीतरी वेळ उभा असलेला संयोगितानं बघितला. तिनं हाक मारली नाही. जवळ जाऊन हात धरला आणि घरी आणला. उजाडताच पहिल्या एसटीनं ती त्याला घेऊन माहेरी, माधवनगरला गेली.

तिथून तिच्या भावानं त्यांना आपल्या रिक्षातून सांगलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. कराड जवळ होतं. पण कराडला गावातलं कुणी ना कुणी भेटलंच असतं.

"मनाचा आजार आहे," बाई म्हणाल्या. "बीपी असतो, साखर असते, तसाच हाही एक आजार. औषधानं उतरतो, फक्त वेळ लागतो."

गौरी-गणपती झाल्यावर तो घरी आला तेव्हा थोडं जेवत होता, थोडं झोपत होता. दारात पाय ठेवतोय तोवर शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय झालं व्हतं गं ल्येकाला?" आणि राहीबाईच्या तोंडून निघून गेलं, "मनक्यात गॅप."

एकदा निघालं ते निघालं. आत आल्यावर तिनं सुनेला आणि लेकाला बजावलं, "ह्यापेक्षा जास्त कुनी बोलायचं न्हाई. स्वप्नीचं जमवायचं चाललंय. येड्याच्या घरातली पोरगी कोन करून घील?"

'येड्याच्या' हा शब्द तिच्या तोंडून गेला आणि तिलाच लागला. पण परत घेता येईना. दुसऱ्या दिवशी ती स्वतः उंब्रजला जाऊन पट्टा घेऊन आली. तो एक माप मोठा निघाला.

गंमत अशी, की डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "कामाला लागा. उन्हात जा, अंग हलू द्या, घाम येऊ द्या." आणि आईनं सांगितलं होतं, बाजेवरून हलायचं नाही. संध्याकाळी कापणी करून बायका घरी आल्या की शेंगांच्या टोकांनी संयोगिताचे तळवे सोललेले असायचे. उदयसिंह खोबरेल तेल घेऊन तिच्या हाताला लावत बसायचा. गावात बाईचे हात असे धरून बसणारा तो एकटाच गडी असेल.

"तुमी तेल लावा, मी कापते," ती हसून म्हणायची. "मणका बरा झाला की उलटं करू."

मणक्याच्या दुखण्याला औषध नाही असं माणूस गावात नव्हतं. कुणी निरगुडीचा पाला आणून दिला, कुणी कसलं तरी तेल. सगळ्यात पुढं होते लालासाहेब सुभेदार. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, बायको वारलेली, मुलगा नाशकाला. शेजारच्याच घरात एकटे राहायचे. त्यांच्याही कमरेला कायम पट्टा असायचा. आता आपल्याच दुखण्याचा जोडीदार मिळाल्यावर त्यांना हुरूप आला. रोज सकाळी ते काठी वाजवत यायचे.

"उदय! सीधा लेट! पाय वर. घुटना नै मोडायचा. एक, दोन…"

उदयसिंह अंगणात उताणा पडून पाय वर करायचा. लालासाहेब त्याच्या डोक्याशी उभे राहून आकडे मोजायचे. दारामागं स्वप्नाली तोंडात ओढणी कोंबून हसायची.

स्वप्नालीचं स्थळही लालासाहेबांनीच आणलं होतं. मेढ्याकडचं घर. मुलाचे वडील आप्पासाहेब त्यांच्याच पलटणीतले. मुलगा शंभूराज स्वतःचा जेसीबी चालवायचा, घरची भातशेती होती. "पोरगं सोनं हाय वैनी," लालासाहेब राहीबाईला म्हणाले होते. "आन मी आप्पाला सांगितलंय, घर एकदम क्लिअर. पोराच्या मनक्याचं तेवढं हाय, ते बी सांगितलंय."

एके दिवशी लालासाहेब बिरदेवाला घेऊन आले. बिरदेव मेंढरं राखणारा. पावसाळा सरला की त्याचा कळप गावाच्या माळावर उतरायचा. निखळलेला खांदा, मुरगळलेला पाय, उसण भरलेली कंबर, सगळं तो हातानं बसवायचा.

"पालथा पड," बिरदेव म्हणाला.

उदयसिंहानं आईकडं बघितलं. राहीबाईनं देवाकडं बघितलं. आता काय बोलणार? तो पालथा पडला. बिरदेवानं पागोटं काढून ठेवलं, हाताला तेल लावलं आणि मानेपासून खाली एकेक मणका दाबत निघाला.

"हितं दुखतंय?"

"न्हाई."

"हितं?"

"न्हाई."

संयोगितानं उंबऱ्यातून खूण केली. उदयसिंह घाईनं म्हणाला, "व्हय, व्हय, तितंच."

"तितंच ना? थांब मग."

बिरदेव उठला आणि सरळ त्याच्या पाठीवर उभा राहिला. दोन्ही पायांनी. दार धरून, चिखल तुडवावा तसा तो मानेपर्यंत चालत गेला आणि परत खाली आला. पाठीत कुठंतरी काडकन आवाज झाला.

"आये गं! मेलो!"

"निगाला गॅप!" बिरदेव वरूनच ओरडला.

आणि उदयसिंहाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. पाठीवर बिरदेव उभा आणि खाली हा हसतोय, त्यामुळं बिरदेव डुगडुगायला लागला. "आरं हलू नगं! पडंन मी! ह्याला काय झालं?" तो जितका ओरडेल तितका हा जास्त हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी बिरदेवानं उडी मारली, आणि लालासाहेबही हसायला लागले.

संयोगिता चुलीपुढं जाऊन बसली. जाळ सारायचं विसरून तशीच बसून राहिली. तो हसलेला तिनं शेवटचा कधी ऐकला होता, ते तिला आठवेना. राहीबाई मागून आली. सुनेकडं बघितलं, तिच्याशेजारी टेकली आणि पदर तोंडाला लावला. त्या पदराआड हसू होतं का रडू, ते कळलं नाही.

मेढ्याचे पाहुणे रविवारी दुपारी आले. बोलेरोतून चौघं उतरली. आप्पासाहेब, त्यांची बायको बाळाबाई, शंभूराज, आणि त्यांना आणायला फाट्यावर गेलेले लालासाहेब. सोप्यात सतरंजी टाकली होती. उदयसिंहाला भिंतीकडच्या खुर्चीवर ताठ बसवलं होतं, सदऱ्याखाली पट्टा घट्ट.

घरामागंच रान. सोयाबीनची कापणी सकाळीच संपली होती, पण मळणी मशीन खालच्या आळीत अडकलं होतं. अर्धं सोयाबीन ढीग करून ठेवलेलं, अर्धं अजून ओळीनं पसरलेलं. सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. पोहे वाटेपर्यंत कोयनेकडून काळं चढत आलं.

"शिक्षण किती?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"बीएस्सी," स्वप्नाली म्हणाली आणि तिनं खिडकीतून बाहेर बघितलं.

राहीबाईही बाहेरच बघत होती. वारा सुटला. परड्यातल्या पत्र्यावर काहीतरी आदळलं. मातीचा वास आला.

"आये," उदयसिंह हळूच म्हणाला, "सोयाबीन."

"बस खाली."

"आये, भिजलं तर काळं पडंल सगळं."

"पावणं हायती. बस म्हनते ना."

तो बसला. पहिला टपोरा थेंब पत्र्यावर वाजला, आणि तो उठला. सदऱ्यात हात घालून त्यानं पट्ट्याची चिकटपट्टी ओढली. तिचा असा आवाज झाला की बोलणं थांबलं. पट्टा खुर्चीवर टाकून तो मागच्या दारानं पळत सुटला. परड्याचा दगडी गडगा त्यानं एका उडीत ओलांडला.

"आरं, आरं! गॅप!" लालासाहेब ओरडले.

शंभूराजनं पोह्यांची ताटली खाली ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि तोही पळाला. मग कोण मागं राहणार? स्वप्नालीनं पदर कमरेला खोचला. राहीबाई, संयोगिता, आणि चपला हातात घेऊन बाळाबाईसुद्धा.

उदयसिंह कवळ्यात मावेल तेवढं सोयाबीन उचलत होता, पळत ढिगावर नेऊन टाकत होता, परत पळत होता. शेंगा दंडांना ओरबाडत होत्या. छाती भात्यासारखी चालली होती. कितीतरी महिन्यांनी त्याच्या अंगाला आपण काय करतोय ते कळत होतं. ढिगावर ओढलेली ताडपत्री वाऱ्यानं फुगून उठली. एका टोकाला स्वप्नाली लोंबकळली, दुसऱ्या टोकाशी शंभूराज गुंतला होता.

"आवं, बघताय काय? तुमच्याकडची कड धरा की!" ती ओरडली.

नवऱ्या मुलाशी ती बोललेलं पहिलं वाक्य ते. त्यानं मुकाट्यानं कड धरली.

ताडपत्री बसली, कडांवर दगड पडले आणि पाऊस कोसळला. सगळे गोठ्यात शिरले. म्हशीच्या शेजारी चिंब भिजून उभी राहिलेली ती माणसं धापा टाकत एकमेकांकडं बघत होती. बाळाबाईच्या केसांत सोयाबीनचा काड अडकला होता. शंभूराजचा पांढरा सदरा चिखलानं रंगला होता. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले.

हसणं ओसरल्यावर लालासाहेबांनी विचारलं, "उदय, गड्या, तुजा मनका?"

राहीबाई पुढं झाली. "गोळी दिली व्हती सकाळी दुखायची, म्हनून…"

"आये, ऱ्हाऊ दे," उदयसिंह म्हणाला. केसांतून पाणी गळत होतं, ते त्यानं तळहातानं पुसलं. "मनक्याला काय बी न्हाई झालं माज्या. आषाढापास्नं मनाचा आजार हाय. झोपत न्हवतो, जेवत न्हवतो. रडायचो. जीव नकोसा झाला व्हता. हिनं सांगलीला नेलं. तितं औषध चालू हाय, अजून वरीसभर घ्यावं लागंल. आता बरं हाय. लोक काय म्हनतील म्हनून मनका सांगितला."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. संयोगिता एक पाऊल सरकून त्याच्याजवळ उभी राहिली.

आप्पासाहेबांनी लालासाहेबांकडं बघितलं. लालासाहेबांनी मान खाली घातली. बाळाबाईनं मात्र उदयसिंहाला विचारलं, "झोप लागती का आता?"

"लागती. पयल्यावानी न्हाई, पर लागती."

"आन भूक?"

"भूक लय लागती."

बाळाबाईनं मान हलवली. आप्पासाहेब म्हणाले, "बरं. पाऊस उघडला की निघतो आमी. कळवतो."

जाताना लालासाहेब दारात थांबले. आवाज नेहमीचा नव्हता. "वैनी, माज्या दोस्ताला माज्याच तोंडानं खोटं सांगायला लावलं तुमी." आणि काठी न वाजवता गेले.

राहीबाई त्या दिवशी जेवली नाही. लेकाशी बोलली नाही. भिंतीला टेकून म्हणत राहिली, "जमलं व्हतं गं. हातातोंडाशी आलं व्हतं."

स्वप्नाली तिच्यापुढं येऊन बसली. "आये, मी त्या घरात जाऊन जनमभर मनका मनका करत बसायचं व्हतं का? दादा आजारी पडला की दर बारीला नवीन हाड शोधायचं?"

मेढ्याहून फोन आला नाही. गावात मात्र सगळ्यांना कळलं. डेअरीवर उदयसिंह दुधाचा कॅन घेऊन गेला की बोलणं थांबायचं. किराणावाला त्याच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागला, बहिऱ्याशी बोलावं तसं. "उ-द-य, सा-खर पा-यजे का?" मळणीसाठी ज्या बायका पैऱ्यानं येणार होत्या, त्यांतली एक तापानं पडली, एकीच्या घरी पाहुणे आले. त्यांच्या रानात राहीबाई, संयोगिता जाऊन राबून आल्या होत्या. आता परत फेडायची वेळ आली आणि कुणी येईना.

एकदा तो शेजारच्या रानातल्या अर्जुनाकाकींकडं मशीन कधी मोकळं होतंय ते विचारायला गेला. काकी बांधावरचं गवत कापत होत्या. त्याला बघताच त्यांनी विळा हळूच पदराखाली घेतला. तो विचारायचं ते विचारून घरी आला. त्यानं ते संयोगिताला सांगितलं. ती काही बोलायच्या आत तोच पुढं म्हणाला, "आन इळा तरी धारंचा असता! त्यानं लोनी बी कापलं नसतं गं."

संयोगिता हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

बिरदेव आला तो थेट राहीबाईपुढं बसला. "वैनी, तुमी तोंड पाडून का बसलाय? तुमी खोटं कुटं बोलला? 'मनका' म्हनालात. त्यातला 'का' तेवढा जास्तीचा व्हता. आदीचं 'मन' खरंच व्हतं की."

राहीबाईनं त्याच्याकडं रागानं बघितलं. पण ओठ ऐकेनात. "ऊठ मेल्या," ती म्हणाली, "च्या पिऊन जा."

त्यानंतर एका सकाळी उदयसिंह म्हशीखाली बसला होता, तेव्हा गोठ्याच्या दारात लालासाहेब येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, कमरेला पट्टा नव्हता. उदयसिंह उठायला लागला.

"बस. धार काढ," ते म्हणाले आणि गव्हाणीच्या कडेवर टेकले. धारेचा आवाज चालू राहिला. मग त्यांनी विचारलं, "ती तुजी डॉक्टरीणबाई… रिटायर मानसाला घेती का?"

उदयसिंहाचा हात थांबला.

"माजा बी मनका तसलाच हाय, गड्या." त्यांनी हातातली टोपी उगाचच झटकली. "मिलिटरीच्या हॉस्पिटलात फोटो काढला व्हता. हाडाला काय निगालं न्हाई. दाराची कडी लावतो, आत येतो, परत जाऊन बघतो. परत बघतो. बाजारात गेलो की छाती धडधड करती, वाटतं आता पडतोय. तुजी काकी गेली तवापास्नं जास्त. लोकं इचारायची, सुभेदार बाहेर का पडत न्हाई? मनका दुखतोय म्हनायचो. तू पावसात फाडदिशी सांगून मोकळा झालास. मला राग तुज्या आयचा न्हाई आला. माजाच आला."

उदयसिंहानं कासंडी बाजूला ठेवली. त्यानं तांब्याभर धारोष्ण दूध त्यांच्या हातात दिलं. सुभेदारांनी ते एका दमात संपवलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "कवा जायचं?"

उदयसिंहाची सांगलीची तारीख जवळ आलीच होती. तिघं मिळून भाड्याची गाडी करून गेली. येताना-जाताना सुभेदारांनी संयोगिताला पुढच्या सीटवर बसवलं, कारण ती म्हणे मोहिमेची कमांडर. दवाखान्यात गर्दी होती. कोपऱ्यात एक गृहस्थ तोंडापुढं वर्तमानपत्र धरून बसले होते. सुभेदारांनी वाकून खालून बघितलं. उंब्रजचे कापड दुकानदार!

"जय हिंद, शेठ! तुमी बी?"

पेपर हळूहळू खाली आला. शेठचा चेहरा पडला होता. "मी… ते आपलं… मणक्याचं…"

उदयसिंह आणि संयोगिता एकदमच फुटले. सुभेदार मांडीवर थाप मारून हसले. शेठना आधी कळेना, मग कळलं तेव्हा तेही हसायला लागले, आणि बाकावरची अनोळखी माणसंसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी दार उघडून बघितलं, काय झालं म्हणून. शेठनी पिशवीतून भडंगाचा पुडा काढला आणि तो त्या खोलीत हातोहात फिरला.

डॉक्टरीणबाईंकडून बाहेर येऊन गाडीत बसल्यावर सुभेदार म्हणाले, "बाई म्हनल्या, ह्याला नाव हाय. ह्या दुखण्याला नाव हाय, उदय! लय लोकांना असतंय म्हनं. मला वाटत व्हतं, एवढ्या पलटणीत मीच एक भित्रा निगालो."

दुसऱ्या दिवशी ते डेअरीवर गेले. सकाळचं दूध घालायची वेळ, सगळं गाव रांगेत. मधोमध उभे राहून त्यांनी परेडच्या आवाजात सांगितलं, "मी कालपास्नं मनाच्या आजाराची गोळी चालू केलीया. सांगलीला. कुनाला काय इचारायचं हाय?"

कुणी काही विचारलं नाही. सुभेदारांना हसायची छाती गावात कुणाची नव्हती. किराणावाल्यानं तेवढं "बरं वाटतंय का?" असं विचारलं, आणि यावेळी साध्या आवाजात विचारलं.

अर्जुनाकाकी परड्याच्या बाजूनं आल्या. संयोगिता भांडी घासत होती. काकी इकडंतिकडं बघून बसल्या. "पोरी, माज्या भनीची सून बाळंत झाल्यापास्नं बोलत न्हाई बग. लेकराला जवळ घीत न्हाई. घरातले म्हनत्यात, बाहेरचं झालंय. तुमच्या त्या बाईंचा पत्ता दितीस?"

संयोगितानं हात धुतले आणि पत्ता सांगितला, रिक्षावाल्या भावाचा नंबरही दिला. "उतरल्यावर त्याला फोन करायला सांगा, तो नेईल." काकी उठल्या, दोन पावलं गेल्या, परत वळल्या. "मळनीला येते मी. चौघी-पाचजनी घिऊन येते. तू सांगू नगंस कुनाला."

मशीन आलं तेव्हा लख्ख ऊन होतं. ट्रॅक्टरला पट्टा जोडला, घरघर सुरू झाली आणि भुसकटाचा धुरळा आभाळात चढला. बायका तोंडाला फडकी बांधून काड पुढं सारत होत्या. उदयसिंह मशीनच्या तोंडाशी उभा राहून कवळ्यांनी सोयाबीन ढकलत होता. बिरदेव पोती शिवत होता. सुभेदार सावलीत खुर्ची टाकून सगळ्यांना हुकूम सोडत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं. दाणा पिवळाधमक निघाला होता. राहीबाईनं ओंजळ भरून घेतली, बोटांतून सोडली, परत भरून घेतली.

जेवणाला सगळे आंब्याखाली बसले. उदयसिंहानं भाकरी संपवली, दुसरी मागितली, मग आणखी एक. जेवून झाल्यावर त्यानं रिकामी पोती अंथरली. "वाईच पाठ टेकतो," म्हणाला, आणि टेकल्या टेकल्या त्याला झोप लागली. मशीन पुन्हा चालू झालं. कानठळ्या बसवणारी घरघर, धुरळा, बायकांचा आरडाओरडा. तो तोंड उघडं टाकून घोरत होता. भुसकटाचा एक काड त्याच्या मिशीवर बसला होता आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होता.

तेवढ्यात बोलेरो येऊन बांधाला लागली. आगाऊ फोन नाही, निरोप नाही. बाळाबाई पुढं आणि तिच्यामागं शंभूराज. आप्पासाहेब जरा मागं रेंगाळले होते. सुभेदार उठून त्यांच्यापुढं गेले. आप्पासाहेबांनी त्यांना मिठीत घेतलं.

राहीबाई धुळीनं माखलेल्या हातांनी पदर सावरत धावली. बाळाबाईनं तिचे हात धरले. मशीनच्या आवाजात तिला ओरडूनच बोलावं लागलं.

"घरातल्यांना समजवायला येळ गेला बगा! ह्यांचं आपलं चालू, लोक काय म्हनतील. मी म्हनलं, भर पावसात आपल्या तोंडानं खरं सांगितलं त्यांनी. उद्या आपल्या घरात काय झालं तर ही पोरगी लपवत बसायची न्हाई, दवाखान्यात नील. मला तसली सून पायजे. आन शंभू तर त्या दिवसापास्नं म्हनतोय, कड धर म्हनाली ना, धरली. आता सोडत न्हाई."

स्वप्नालीनं तोंडावरचं फडकं आणखी वर ओढलं. डोळे तेवढे दिसत होते, आणि ते हसत होते.

"उदयला उठवा की," आप्पासाहेब म्हणाले. "पोरीचा भाऊ हाय. त्याच्याशी बोलूया."

संयोगिता पुढं झाली, पण राहीबाई आडवी आली. एवढ्या बायका बघत होत्या, सोयरे समोर होते, आणि तिचा तरणा पोरगा भरदुपारी पोत्यांवर आडवा पडून घोरत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग पाहुण्यांकडं वळून, मान ताठ करून म्हणाली, "न्हाई. झोपलाय माजा पोरगा. उठवायचा न्हाई."

बाळाबाई तिथंच सावलीत मांडी घालून बसली. "झोपू द्या की. आमाला कुटं जायचंय? बसतो आमी."

शेवटचा कवळा आत गेला आणि मशीन थांबलं. एकदम अशी शांतता झाली, की सगळ्यांचे श्वास अडकले. कुणी हललं नाही. बिरदेवाची दाभण वर राहिली. उदयसिंह कुशीवर वळला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, आणि पुन्हा घोरायला लागला.

"सूनबाई, च्या ठेव," राहीबाई कुजबुजली. "पर भांडी हळू वाजव."